अर्थाआधीची मोजदाद

भाजलेल्या शंखजिऱ्याची, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीरुंदीची एक चौकोनी मुद्रा. तिच्यावर एक एकशिंगी प्राणी, त्याच्या मानेखाली उभे केलेले कसलेसे उपकरण, आणि पाठीच्या वर एका ओळीत चार-पाच चिन्हे. कोरणाऱ्याने ही चिन्हे उलटी कोरली, कारण ओल्या मातीवर ती सुलटी उमटायची होती. उमटलेली ओळ उजवीकडून डावीकडे पाहत गेले, की शेवटी पुष्कळदा एक ओळखीचे चिन्ह भेटते : वर तोंड उघडे असलेला घट आणि त्याच्या दोन्ही अंगांना कान. ओळखीचे म्हणायचे ते इतकेच, की ते वारंवार भेटते. त्याचा उच्चार कोणाला ठाऊक नाही, अर्थही नाही. अभ्यासकांच्या व्यवहारात त्याला एक नाव मात्र आहे, आणि ते नाव म्हणजे एक संख्या आहे : ३४२.

हा क्रमांक इरावतम् महादेवन यांनी सिद्ध केलेल्या सिंधुलेखांच्या संहितेतून व चिन्हानुक्रमणीतून आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेतील ७७वा ग्रंथ म्हणून ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. २९०६ लेख, त्यांतील ३५७३ ओळी, त्या ओळींत मिळून १३,३७२ वेळा आलेली चिन्हे, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली ४१७ भिन्न चिन्हे : ग्रंथाचा सारा ऐवज या चार संख्यांत सांगता येतो. प्रत्येक चिन्हाखाली ते ज्या ज्या ओळीत आले त्या ओळी एकाखाली एक लावलेल्या आहेत. पानामागून पान उलटावे, तर अर्थ लागेल अशी एकही ओळ त्यांत नाही. तरीही सिंधुलिपीविषयी जबाबदारीने बोलू पाहणाऱ्याला या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही. ज्या ग्रंथाला स्वतःच्या विषयाचा अर्थ ठाऊक नाही, तो त्या विषयाचा आधारग्रंथ ठरावा, ही गोष्ट साहित्यसमीक्षेनेही थोडे थांबून पाहावी अशी आहे.

अनाकलित लिपीतील चिन्हांना क्रमांक देणे हे वरवर पाहता कारकुनी काम वाटते. आधी मोजावे, मग वाचावे. मोजणाऱ्याने मोजून बाजूला व्हावे आणि वाचणाऱ्याने पुढे यावे, अशी श्रमविभागणी त्यात गृहीत धरलेली असते. परंतु मोजण्यासाठी आधी ‘एक’ म्हणजे काय हे ठरवावे लागते. दोन मुद्रांवरील दोन आकृती या एकाच चिन्हाची दोन वळणे आहेत, की ती दोन निराळी चिन्हे आहेत, हा प्रश्न मोजणीच्या पहिल्याच पायरीवर उभा राहतो. त्याचे उत्तर द्यायचे, तर लेखकाच्या दृष्टीने कोणता भेद अर्थवाहक होता आणि कोणता केवळ हाताचा होता, हे सांगावे लागते. म्हणजे जो निर्णय वाचनानंतरच खात्रीने घेता यावा, तो वाचनाआधी घ्यावा लागतो. सूचीकाराची खरी अडचण ही आहे.

या अडचणीचे स्वरूप कळण्यासाठी मोहेंजोदडोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मराठी भाषा आणि देवनागरी लिपी यांपैकी काहीच ठाऊक नसलेल्या एखाद्या परक्या संशोधकाच्या हाती दोनेकशे त्रोटक मराठी लेख पडले आहेत, अशी कल्पना करावी. दुकानांच्या पाट्या, नाण्यांवरील अक्षरे, पत्त्यांचे तुकडे. ‘राम’मधला र त्याने एक चिन्ह म्हणून नोंदवला. ‘सूर्य’मध्ये तोच र अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, ‘दुसऱ्या’मध्ये आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो, ‘चक्र’मध्ये तिरपी रेघ होऊन पोटात शिरतो, तर ‘राष्ट्र’मध्ये अक्षराच्या पायाशी काकपदासारखा उभा राहतो. आपल्या परक्या संशोधकाने त्याला पाच क्रमांक दिले, तर त्याला दोष देता येणार नाही. ल आणि श यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे त्याच्या सूचीत चार चिन्हे होतील. जुन्या वळणाच्या ख मध्ये त्याला र आणि व अशी दोन चिन्हे शेजारी शेजारी दिसतील. उलट भ आणि म, घ आणि ध यांच्यातील फरक एका गाठीचा. तो कोरणाऱ्याच्या लहरीचा समजून तो या जोड्या एकत्र करील. अशा रीतीने काही ठिकाणी फोडलेली आणि काही ठिकाणी सांधलेली एक सूची तयार होईल. ती पाहणाऱ्याला पूर्णपणे तर्कशुद्ध वाटेल, आणि तिच्यावरून मराठी कधीही वाचता येणार नाही.

सोस्यूरच्या मरणोत्तर, १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसून इतर चिन्हांपासूनच्या त्याच्या भेदात असते, हे सूत्र समीक्षेच्या परिभाषेत रुळून गेले आहे. रुळलेल्या सूत्राची धार जाते, तशी याचीही गेली आहे. सिंधुलिपीच्या सूचीपाशी ती धार परत येते, कारण येथे भेदांखेरीज दुसरे काहीच हाताशी नाही. शब्द नाही, ध्वनी नाही, द्विभाषिक लेख नाही. आहे ती फक्त शेजाऱ्यांची यादी.

या यादीचा उपयोग कसा होतो, हे माशाच्या चिन्हावरून समजते. साधा मासा, डोक्यावर छपरासारखी खूण असलेला मासा, अंगावर तिरपी रेघ असलेला मासा, अशा अनेक आकृती लेखांत येतात. ही एकाच माशाची नाना वळणे मानावीत काय? महादेवन यांच्या सूचीत त्यांना निरनिराळे क्रमांक आहेत, आणि त्याला आधार आहे : हे निरनिराळे मासे एकाच ओळीत, एकमेकांना लागून येताना दिसतात. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच ओळीत शेजारी शेजारी मासा दोन प्रकारे कोरला असेल, तर तो फरक हाताचा नव्हे, हेतूचा आहे. याउलट, दोन मुद्रांवर बाकीची सर्व चिन्हे त्याच क्रमाने असून एकाच जागी आकृती किंचित बदललेली असेल, तर तो बदल हाताचा असण्याचा संभव अधिक. मासा म्हणजे काय हे कळण्याआधीच किती मासे आहेत हे या मार्गाने काही अंशी ठरवता येते.

याच माशापाशी वाचनाची दुसरी, अधीर परंपराही भेटते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासाचे अध्यापक फादर हेन्री हेरास यांनी सिंधुलेखांची भाषा द्राविडी मानून ते वाचून दाखवले. १९५३ साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची वाचने अभ्यासकांनी स्वीकारली नाहीत. परंतु द्राविडी भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा आणि ‘मीन’ म्हणजेच तारा, तेव्हा माशाचे चित्र काढून तारा सुचवला असावा, ही त्यांची कल्पना टिकली. पुढे हेलसिंकीच्या आस्को पारपोला यांनी ती अधिक कठोर पद्धतीने मांडली. अधीर वाचनातूनही एखादे बीज हाती लागते, हे मान्य करायला हवे. मात्र ते बीज आहे की फोलपट, हे पाखडून पाहण्यासाठी शेवटी सूचीच लागली.

सूचीतील संख्या किती निघते यावर फार काही अवलंबून असते. वर्णमालेला वीस ते चाळीस चिन्हे पुरतात. अक्षरलिपीला, म्हणजे प्रत्येक चिन्हाने व्यंजनासह स्वर दाखवणाऱ्या लिपीला, पन्नास ते शंभर-सव्वाशे लागतात. शब्दचिन्हे आणि अक्षरचिन्हे यांचे मिश्रण असेल, तर संख्या शेकड्यांत जाते. लोथलचे उत्खनक एस. आर. राव यांनी संयुक्त वाटणारी चिन्हे फोडून, वळणे सांधून मूलचिन्हांची संख्या सुमारे साठापर्यंत खाली आणली. त्यांच्या दृष्टीने ती वर्णांकडे झुकलेली लिपी ठरली आणि लेखांतून त्यांना इंडो-आर्य भाषा ऐकू आली. महादेवन यांच्या ४१७ चिन्हांतून शब्द-अक्षरमिश्रित लिपी दिसते. पारपोला यांच्या १९९४ च्या सूचीत चिन्हे ३८६ आहेत, तर ब्रायन वेल्स यांच्या २०१५ च्या ग्रंथात ती ६९४ झाली. मुद्रा त्याच, चिन्हे तीच. फोडणाऱ्याचा आणि सांधणाऱ्याचा हात निराळा. मोजणीवरून सिद्धान्त निघतो हे खरे, पण पुष्कळदा सिद्धान्त आधीच मनात येऊन बसलेला असतो आणि तोच हात धरून मोजणी करवून घेतो. सूचीकाराचे शील पणाला लागते ते येथे.

नावाऐवजी संख्या का, याचे उत्तरही या शीलात आहे. ३४२ला ‘घट’ म्हणणे सोयीचे असले, तरी ते म्हणताच एक अर्थ गळी उतरतो. महादेवन यांना त्यात पात्रच दिसले. पारपोला यांना समोरून पाहिलेले गायीचे शिंगांसह मुख दिसले. ज्याला घट म्हटले त्याला पुढे कोणी गाय म्हणू धजणार नाही. ज्याला ३४२ म्हटले त्याला उद्या दोन्हीही म्हणता येईल. संख्या अर्थाला नकार देत नाही. ती त्याची जागा राखून ठेवते. अर्थात संख्याही सर्वस्वी निरागस नसते. महादेवन यांच्या सूचीत पहिला क्रमांक मनुष्याकृतीला मिळाला आहे, आणि त्यानंतर आकृतिसाम्याने गट लावत जावे लागले आहे. म्हणजे ओळखू येणाऱ्या रूपांचा आधार तेथेही सुटलेला नाही. निरर्थकाची सूचीसुद्धा कशाच्या तरी अर्थाचा हात धरूनच लावावी लागते.

इतर अनाकलित लिपींचा इतिहास या कामाची महती सांगतो. क्रीटमधील ‘लिनिअर बी’ लिपीवर ॲलिस कोबर या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन महाविद्यालयातील अध्यापिकेने काम केले. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या आणि परिपत्रकांच्या पाठीमागचे कोरे भाग कापून तिने टिपणपत्रे केली. अशी सुमारे १,८०,००० पत्रे सिगारेटच्या खोक्यांत लावलेली होती. लेखांची भाषा कोणती, याविषयी तर्क करण्यास ती नकार देत असे. ध्वनी ठाऊक नसतानाही शब्दांची अंत्यरूपे बदलतात हे तिने दाखवले. १९५० साली ती वारली. एमेट बेनेट यांनी चिन्हांची वळणे निकालात काढून सूची स्थिर केली, आणि १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी ती लिपी वाचली. ती ग्रीक निघाली. माया लिपीची कथा याहून विलक्षण. एरिक थॉम्पसन यांनी १९६२ साली तिच्या चिन्हांची सूची केली. त्या लिपीत ध्वनिचिन्हे आहेत हे युरी क्नोरोझोव्ह यांचे मत थॉम्पसन यांनी अखेरपर्यंत मानले नाही. पुढे क्नोरोझोव्ह यांचीच दिशा खरी ठरली, लिपी वाचली गेली. आणि ज्या सूचीकाराचे मत मोडले त्याचे क्रमांक मात्र अभ्यासक अजूनही वापरतात. मत आणि सूची यांची आयुष्ये वेगवेगळी असतात.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला याच्या जवळचा एक प्रसंग आठवेल. महानुभावांनी सकळ लिपीत झाकून ठेवलेल्या पोथ्या वि. का. राजवाडे यांनी उलगडल्या. पण तेथे पडद्याआड मराठी होती, हे उलगडणाऱ्याला ठाऊक होते. भाषा परिचित, लिपी अपरिचित. सिंधुलेखांत दोन्ही अपरिचित. अधिक जवळचा दाखला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा. हा श्लोक आणि तो श्लोक एकच की निराळे, हा पाठभेद लेखनिकाच्या हाताचा की परंपरेच्या हेतूचा, हे ठरवत ठरवत तेथे संहिता उभी राहिली. त्या संहितेवर बोलणारे पुष्कळ निघाले. हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. समीक्षेला अर्थाची घाई असते. संहिता ही तिला आयती हवी असते, आणि ती कोणीतरी सिद्ध केलेली आहे, म्हणजेच कोणीतरी हजारो लहान लहान निर्णय घेऊन ती केलेली आहे, हे तिच्या लक्षातच येत नाही.

सूचीने काय गमावले, हेही सांगितले पाहिजे. क्रमांक देताना प्रत्येक चिन्हाचे एक प्रमाण रूप काढावे लागते. १३९५ वेळा आलेले ३४२ सूचीत एकच रेखाकृती होऊन बसते. त्यातले कोरणाऱ्यांचे हात, दगडाचा कठीणपणा, कडेला जागा न उरल्याने झालेली गर्दी, हे सारे पुसले जाते. वस्तुतः अशा गर्दीतूनच लेखनाची दिशा ठरवण्यास मदत झाली. कालीबंगन येथील खापरावर चिन्हांच्या रेघा एकमेकींवर कशा चढल्या आहेत हे पाहून ब्रजबासी लाल यांनी १९६६ साली ती उजवीकडून डावीकडे असल्याचे दाखवले. ते प्रमाणरूपांवरून कधीच दिसले नसते. ही उणीव पारपोला आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ पासून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रसंग्रहांनी भरून काढली. क्रमांक आणि छायाचित्र दोन्ही जवळ असले, तरच क्रमांकाचा मोह आवरता येतो.

सूचीतील सर्वांत बोलके कोष्टक वारंवारतेचे आहे. एकटे ३४२ सर्व चिन्हस्थानांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा व्यापते. अवघी ६७ चिन्हे मिळून सुमारे ८० टक्के जागा भरतात. आणि दुसऱ्या टोकाला ११२ चिन्हे अशी आहेत, की ती संपूर्ण संग्रहात एकेकदाच येतात. लेखाची सरासरी लांबी पाच चिन्हांच्या आसपास, त्यात ही एकुलती एक चिन्हे. ती विरळ शब्दांची आहेत, संयुक्त चिन्हे आहेत, की चुका आहेत? स्टीव्ह फार्मर, रिचर्ड स्प्रोट आणि मायकेल विट्झेल यांनी २००४ साली लेखांच्या त्रोटकपणावर आणि अशा विरळ चिन्हांवर बोट ठेवून असे प्रतिपादले, की ही लिपीच नव्हे. ही भाषा न लिहिणारी प्रतीके आहेत. २००९ साली राजेश राव, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील निशा यादव व मयंक वाहिया आणि स्वतः महादेवन प्रभृतींनी चिन्हांच्या क्रमातील नियमिततेचे गणित मांडून ती भाषिक लेखनाशी जुळते असा पक्ष घेतला. त्यावरही आक्षेप आले. मंत्र अनर्थक आहेत असे म्हणणारा कौत्स आणि त्याला उत्तर देणारा यास्क यांचा जुना वाद वेगळ्या वेषात परत आल्यासारखा वाटतो. फरक इतकाच, की तेव्हाच्या वादात मंत्र दोघांनाही मुखोद्गत होते. येथे दोन्ही पक्षांपाशी आहेत ते फक्त क्रमांक. आणि लक्षणीय गोष्ट अशी, की ही लिपी नव्हे असे म्हणणाऱ्यालाही चिन्हे मोजूनच तसे म्हणावे लागले.

महादेवन यांची वाटचाल या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. ते प्रशासकीय सेवेतील अधिकारी. तमिळ-ब्राह्मी लेखांचे वाचन हे त्यांचे पहिले क्षेत्र. तेथे त्यांनी लेख वाचले, पुगळूरच्या लेखांतील चेर राजांची नावे ओळखली. वाचण्याचा आनंद काय असतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. असा माणूस सिंधुलेखांकडे वळतो, आणि जवळजवळ अर्धशतक त्यांच्यापाशी राहूनही ते पूर्णपणे वाचल्याचा दावा करीत नाही. द्राविडी पक्षाचे होते, काही चिन्हांचे संभाव्य अर्थ त्यांनी सुचवले. परंतु ते अर्थ त्यांनी सूचीत शिरू दिले नाहीत. म्हणूनच त्यांचा पक्ष न मानणाऱ्यालाही त्यांची सूची वापरता येते. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. उलगडणाऱ्यासाठी पारितोषिक असते. मोजून ठेवणाऱ्यासाठी ते क्वचितच कोणी ठेवते.

१९७७ साली ग्रंथ छापून झाला म्हणून सूची पुरी झाली असे नाही. त्याच सुमारास, १९७६ ते १९७९ या काळात, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे एस. ए. साळी यांचे उत्खनन चालू होते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या टेकाडातून उत्तर हडप्पा काळातील, सिंधुचिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे निघाली आणि ही चिन्हे दक्षिणेकडे कुठवर पोहोचली होती याची एक खूण महाराष्ट्रात सापडली. पुढे धोलावीरा येथील उत्खननात रवींद्रसिंह बिष्ट यांना दहा मोठ्या चिन्हांचा फलक मिळाला. त्यात चाकासारखे एकच चिन्ह चार वेळा आले आहे. अशी प्रत्येक नवी वस्तू हाती आली, की तिच्यावरील चिन्हे घेऊन अभ्यासक पुन्हा सूचीकडे येतो, आणि तोच पहिला प्रश्न विचारतो : हे त्यातलेच की निराळे?

त्या एकशे बारा एकाकी चिन्हांसाठी या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. उद्या एखाद्या खापरावर त्यांतले एखादे दुसऱ्यांदा दिसले, तर ते चूक नव्हते एवढे तरी समजेल. शेजारी कोण, ओळीत जागा कोणती, हे समजू लागेल. कदाचित ते कधीच दिसणार नाही. सूचीत त्याचा क्रमांक आहे, क्रमांकापुढे त्याची एकमेव ओळ आहे, आणि त्या ओळीखाली कोरा कागद आहे.